तुमची तार कुणाच्या भिंतीवर लागली होती? जपानच्या एलडीपीच्या खासदारांना खुलं पत्र

लिबरल डेमोक्रॅटिक पार्टीच्या संसदेतल्या सर्व सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची पुण्याची, गेली सोळा वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहते. नवरा आणि मी दोघंही आयटीत, दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळेत शिकली, पर्मनंट रेसिडेन्सी मिळून पाच वर्षं झाली. मत द्यायचा हक्क मला नाही, पर्मनंट रेसिडेंटला तो इथे नसतोच, पण टॅक्स भरते, पेन्शनचे हप्ते भरते, मुलं मोठी होऊन बहुतेक इथलीच नागरिक होतील, त्यामुळे तुमच्या पक्षात काय चालतं ते माझ्या घरचंच आहे असं मला वाटतं. हेच पत्र जपानीत पण लिहिलंय, एका मैत्रिणीने तपासून दिलं. मराठीत लिहितेय कारण आमची कितीतरी माणसं आता याच देशात रुजलीत, आमच्या एदोगावातून २०१९ साली एक मराठी माणूस वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडूनसुद्धा आला, पण या विषयावर आमच्या ग्रुपवर, आमच्या गणपतीत, कुठेच कुणी तोंड उघडत नाही.

विषय युनिफिकेशन चर्चचा आहे, कोरियातून आलेल्या, पूर्वजांच्या पापाची भीती घालून पैसे उकळणाऱ्या पंथाचा. तुम्हाला वाटत असेल की हा विषय संपला. २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबेंचा खून झाल्यावर पक्षाने आपल्या खासदारांकडून या चर्चशी असलेल्या संबंधांची माहिती मागवली, ऑक्टोबरात संबंध तोडायचा नियम केला, डिसेंबरात कायदा आणला, २५ मार्च २०२५ ला तोक्यो जिल्हा कोर्टाने त्या संस्थेची नोंदणी रद्द करायचा आदेश दिला, आता अजून काय पाहिजे या बाईला. मला जे पाहिजे ते एवढंच, की तुमच्या नावाने लोकांच्या घरात काय झालं हे तुम्ही एकदा नीट बघा. ते अजून तुमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही.

आधी तारेचं सांगते. माझ्या मुलीचा सहावीचा निरोप समारंभ होता, मार्च महिना, शाळेचं जिम, पायात त्या तपकिरी स्लीपर, थंडी एवढी की आम्ही सगळ्या आया कोट न काढता बसलो होतो. आत शिरताना डाव्या हाताच्या भिंतीवर अभिनंदनाच्या तारा ओळीने लावल्या होत्या, छान जाड कागद, खाली नाव, नावापुढे खासदार किंवा असेंब्लीचे सभासद. मला तेव्हा ही पद्धत माहीत नव्हती. शेजारच्या आईला विचारलं की हे सगळे आपल्या शाळेला ओळखतात का, तर ती म्हणाली नाही हो, त्यांच्या ऑफिसातून सगळीकडेच पाठवतात. तरी मी बघत होते, येणारा प्रत्येक पालक तिथे दोन सेकंद थांबत होता, नावं वाचत होता, एक आजोबा तर एका तारेसमोर किंचित वाकले. तुमच्या सेक्रेटरीला ती तार पाठवायला पाच मिनिटं लागली असतील. त्या आजोबांसाठी तो मोठ्या माणसाचा शब्द होता.

अशाच तारा युनिफिकेशन चर्चच्या कार्यक्रमांना गेल्या आणि तिथेही मोठ्याने वाचल्या गेल्या. तुमच्यातले काही जण तिथे स्वतः गेले, स्टेजवर बसले, भाषणं केली, फोटो काढले.

दुसरी गोष्ट आमच्या सेन्सेईंची. मी या देशात नवी होते तेव्हा आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये फुकट जपानी शिकवायच्या, आता सत्तरीच्या पुढे आहेत, माझ्या मुलांना त्या आजीच. आबे गेले त्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक हलक्या लाकडाची पेटी काढली, वर पिवळं फडकं बांधलेलं. आत दगडाचा एक कलश. त्यांच्या आईने घेतलेला, नवऱ्याच्या मरणानंतर वर्षभरात. किती पैसे दिले ते सेन्सेईंनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या की धाकट्या भावाचं कॉलेज त्यात गेलं. विकणाऱ्या संघटनेचं नाव मी इथे लिहिणार नाही, ते प्रकरण कोर्टात कधी गेलंच नाही आणि ज्याची शहानिशा झाली नाही त्याचा आरोप मी कुणावर करत नाही. पण पेटीत कलशाखाली घडी घातलेला एक कागद होता, कार्यक्रमाचं पत्रक, त्यावर एका राजकारण्याचा हसरा फोटो. सेन्सेई म्हणाल्या, आम्ही भांडलो की आई हाच कागद काढून दाखवायची, एवढी मोठी माणसं येतात तिथे, ते काय फसवणारे लोक असतील का. सेन्सेईंनी फडकं परत बांधलं, गाठ तीनदा सोडून पुन्हा मारली, बोलल्या काहीच नाहीत. मी चहा तसाच सोडून घरी आले.

मराठी वाचणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगते. चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे वसईचं चर्च येतं, संडेची मास येते. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ख्रिस्ती पंथातले बहुतेक लोक यांना आपलं मानतही नाहीत. कोरियात १९५४ साली सन म्युंग मून नावाच्या माणसाने हे सुरू केलं, तो स्वतःला मसिहा म्हणवायचा, तो आणि त्याची बायको म्हणजे सगळ्या मानवजातीचे खरे आईबाप अशी शिकवण. जपानमध्ये १९६४ ला धार्मिक संस्था म्हणून नोंदणी मिळाली. आणि पैसा मुख्यतः जपानमधून गेला. पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. घरात कुणी गेलंय, आजारपण आहे, मूल होत नाही, अशा घराला गाठायचं, सांगायचं की तुमच्या पूर्वजांचं पाप आहे, ते सुटेपर्यंत असंच होत राहणार, मग हा कलश घ्या, हा शिक्का घ्या, हा छोटा पॅगोडा घ्या. आपण पितृदोष म्हणतो ना, अगदी तेच. इथे याला रेइकान शोहो असा शब्दच पडलाय, आत्म्याची भीती घालून केलेला धंदा. या विरोधात १९८७ पासून लढणाऱ्या वकिलांच्या संघटनेकडे आणि ग्राहक केंद्रांकडे २०२१ पर्यंत ३४ हजारांवर तक्रारी आल्या, नुकसानीची रक्कम सुमारे १२३.७ अब्ज येन. ही फक्त तक्रार करायला आलेल्यांची गोष्ट. सेन्सेईंची आई कुठेच गेली नव्हती, तशा किती असतील.

आता तुमच्याकडे वळते. हे नातं तुमच्या आजोबांच्या पिढीपासूनचं आहे. नोबुसुके किशी, तुमचे माजी पंतप्रधान, शिंझो आबेंचे आजोबा. कम्युनिस्टांच्या विरोधात माणसं पाहिजे होती, मून यांनी १९६८ ला कम्युनिझमवर विजय मिळवायची म्हणून एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली, किशींनी तिला हात दिला. मून अमेरिकेत टॅक्स चुकवल्याबद्दल तुरुंगात गेले तर त्यांना सोडा म्हणून १९८४ साली रेगनना पत्र लिहिणारे पण किशीच. त्या काळचं राजकारण मला समजतं, शीतयुद्ध होतं, मित्र निवडताना कुणी फार बघत नव्हतं. पण शीतयुद्ध संपलं आणि नातं तसंच राहिलं, कारण तोवर निवडणुकीत फुकट राबणारी माणसं मिळायची सवय लागली होती. पोस्टर चिकटवणारे, फोन करणारे, पहाटे स्टेशनबाहेर पत्रकं वाटणारे, शिस्तीचे, कधी कटकट न करणारे. आबेंचे धाकटे भाऊ नोबुओ किशी संरक्षणमंत्री असताना त्यांनी मान्य केलं की निवडणुकीत या लोकांची मदत घेतली होती.

मला सगळ्यात खुपतं ते हे, की तुम्ही सतत जपानचा अभिमान, जपानची संस्कृती बोलता. आणि या चर्चची शिकवण अशी की कोरिया आदमचा देश, जपान हव्वाचा देश, जपानने कोरियावर राज्य केलं त्या पापाची भरपाई जपानी लोकांनी पैसा देऊन करायची. हे ऐकून विधवा बायका नवऱ्याच्या विम्याचे पैसे देत होत्या आणि त्यांच्या मतदारसंघातला देशभक्त खासदार त्यांच्याच कार्यक्रमाला तार पाठवत होता. हे तुम्हाला कसं जमलं?

सप्टेंबर २०२१ मध्ये आबेंनी चर्चशी जोडलेल्या एका संस्थेच्या कार्यक्रमाला व्हिडिओ संदेश दिला, मून यांची बायको हान हाक-जा हिच्याबद्दल आदर व्यक्त केला, कुटुंबाची मूल्यं जपता म्हणून कौतुक केलं. पाचेक दिवसांत त्या वकिलांनी आबेंना पत्र लिहिलं, खुलं पत्रच, मी आज लिहितेय तसं. म्हणाले तुमच्या अशा संदेशाने पीडितांचं नुकसान होतं, या लोकांना तुमच्या नावाचा आधार मिळतो, कृपा करून थांबा. संसदेतल्या त्यांच्या ऑफिसने ते पत्र घ्यायलाच नकार दिला.

मी हे वाचलं तेव्हा परत परत वाचलं. ते पत्र घेतलं असतं, कुणी शांतपणे वाचलं असतं, तर काय झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. पण वकील जे सांगत होते ते नारा शहरातला एक माणूस पण बघत होता. त्याच्या आईने चर्चला जवळजवळ १० कोटी येन दिले होते, नवऱ्याच्या विम्याचे पैसे, जमीन, घर, सगळं, २००२ साली घराचं दिवाळं निघालं होतं. त्याने तो व्हिडिओ बघितला. ८ जुलै २०२२ ला यामातो-साइदाइजी स्टेशनसमोर आबे प्रचाराचं भाषण करत होते, त्याने घरी बनवलेल्या बंदुकीने त्यांना मारलं.

त्याने जे केलं ते खून आहे, त्याला कारण म्हणून काहीही चालणार नाही, मी आबेंसाठी त्या दिवशी रडले आहे. आमच्या ऑफिसात टीव्ही लावला होता आणि चाळीस माणसं उभी होती, आवाज म्हणून नाही. पण खुनी कोण होता हे कळल्यावर त्याच्या आईबद्दल तीस वर्षं कुणी काही का केलं नाही हा प्रश्न विचारायचाच नाही, असं होऊ शकत नाही.

इथे मला माझ्या गावचं आठवल्याशिवाय राहत नाही. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी महाराष्ट्रात कितीतरी वर्षं पायपीट करत होते, सरकारं आली गेली, विधेयक अडकूनच. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वरच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. दोन्ही घटना एक नाहीत हे मला कळतं, तिथे सांगणाऱ्याला मारलं, इथे न ऐकणाऱ्यांपैकी एक मारला गेला. पण कायदा दोन्हीकडे मयत झाल्यावरच निघाला. तुमचा देणग्यांवरचा कायदा १० डिसेंबर २०२२ ला मंजूर झाला, खून होऊन जेमतेम पाच महिने. म्हणजे पाच महिन्यांत करता येत होता. १९८७ पासून मग काय अडलं होतं? मी दोन देशांत राहिलेली बाई आहे, दोन्हीकडे हे बघितलंय, म्हणून माझा आवाज थोडा चढतोय, समजून घ्या.

आता तुमच्या तपासाबद्दल. ८ सप्टेंबर २०२२ ला तुमच्या पक्षाने जाहीर केलं की ३७९ पैकी १७९ खासदारांचा काही ना काही संबंध आला होता, त्यातल्या १२१ जणांची नावं दिली. जवळजवळ अर्धा पक्ष. पण हे कसं काढलं, तर प्रत्येकाला फॉर्म देऊन, तूच तुझं सांग. आबेंचं नाव त्यात नाही, कारण ते गेले, आता त्यांना विचारता येत नाही असं तेव्हाचे पंतप्रधान किशिदा म्हणाले. ते ज्यांच्याशी बोलले, ज्यांनी त्यांच्या वतीने फोन केले, ती माणसं तर तुमच्यातच बसलीत ना. आणि २०२४ च्या सप्टेंबरात आसाही पेपरने फोटोच छापला, जून २०१३, वरच्या सभागृहाच्या निवडणुकीच्या तोंडावर, तुमच्या पक्षाच्या मुख्यालयात आबे आणि चर्चचे जपानमधले अध्यक्ष. पत्रकारांना सापडतं ते तुम्हाला तुमच्याच इमारतीत सापडत नाही?

फॉर्मवर स्वतःच लिहायचं असलं की काय होतं त्याचीही उदाहरणं आहेत. दाइशिरो यामागिवा मंत्री होते, आधी आठवत नाही, मग फोटो आला की हो असेल, मग दुसरा फोटो, शेवटी २४ ऑक्टोबर २०२२ ला राजीनामा, आणि चारच दिवसांत तुम्ही त्यांना पक्षाच्या कोरोना समितीच्या प्रमुखपदी बसवलंत. आणि मासाहितो मोरियामा, ज्यांच्या खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टात जाऊन ही संस्था बरखास्त करा म्हणून अर्ज केला तेच शिक्षणमंत्री, त्यांच्याबद्दल फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की २०२१ च्या निवडणुकीत चर्चशी जोडलेल्या संघटनेकडून पाठिंबा घेताना त्यांनी धोरणांच्या एका करारावर सही केली होती. ते म्हणाले अंधुक आठवतंय. अविश्वास ठराव आला, तो तुम्ही बहुमताने पाडला. ज्या घरातल्या मुलांचं सगळं गेलं त्यांना आपलं बालपण अंधुक आठवत नाही हो, रात्री आई घरी नसायची, फ्रीजमध्ये काय होतं, शाळेच्या ट्रिपचे पैसे नव्हते म्हणून आजारी आहे सांगितलं, असं एकेक ती मुलं सांगतात.

या मुलांना इथे शुक्यो निसेई म्हणतात, धर्मातली दुसरी पिढी. त्यांनी स्वतः काही निवडलेलं नव्हतं. त्यांच्यातले काही जण नाव लपवून, काही चेहरा दाखवून बोलले, त्यांच्या बोलण्यामुळेच डिसेंबर २०२२ च्या शेवटी आरोग्य खात्याला लिहून काढावं लागलं की मुलाला नरकाची भीती घालून धर्मात ओढणं हा मुलांचा छळ आहे. हे तुमच्या देशातलं फार मोठं पाऊल आहे आणि मी ते मनापासून मानते. ते उचलायला लावलं ते या पोरांनी.

अजून एक गोष्ट मला समजून घ्यायची आहे, नाव बदलाची. चर्चला नाव बदलायचं होतं, १९९७ पासून सांस्कृतिक खातं त्यांना अर्ज करू नका म्हणून थोपवून धरत होतं, कारण जुनं नाव बदनाम झालं होतं आणि नव्या नावाने लोक पुन्हा फसले असते. २०१५ ला अचानक परवानगी मिळाली. तेव्हाचे शिक्षणमंत्री हाकुबुन शिमोमुरा म्हणतात मी काही सांगितलं नव्हतं. असेल तसं. मग त्या वेळची कागदपत्रं मागितली तेव्हा ती काळ्या पट्ट्या मारून का दिली? अशा कागदांना इथले लोक नोरी-बेन म्हणतात, डब्यात भात दिसूच नये इतकी वर काळी नोरी पसरलेली असते तसं. त्या पट्ट्या काढा, तुम्हीच सत्तेवर आहात.

धर्मावर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते. माझ्या घरात देव्हारा आहे, संकष्टीला मी उपास करते. कोर्टाने नोंदणी रद्द केली तरी कुणाची प्रार्थना बंद होत नाही, टॅक्सची सवलत जाते, आणि ते योग्यच आहे, दीड हजारांवर लोकांचं २०.४ अब्ज येनचं नुकसान कोर्टाने मोजून मान्य केलंय. चर्चमध्ये आजही साधी भाबडी माणसं आहेत, त्यांच्या मुलांना शाळेत कुणी टोमणे मारू नयेत असं मला अगदी आतून वाटतं. त्या माणसांना मी काही विचारत नाहीये. विचारतेय तुम्हाला, कारण त्यांच्याकडे भीती होती आणि तुमच्याकडे माहिती होती.

काय करा म्हणून विचाराल तर, बाहेरचे वकील नेमून पुन्हा तपास करा, फॉर्म वाटून नको. प्रांतांच्या असेंब्लीतले तुमचे सभासद, सेक्रेटरी, निवडणुकीत राबलेले स्वयंसेवक कुठून आले, किती वर्षं आले, ते सगळं त्यात येऊ दे. आबेंचा काळ त्यात येऊ दे, त्याने त्यांचा अपमान होत नाही, लपवल्याने होतो. आणि ज्यांनी ज्यांनी तारा पाठवल्या, स्टेजवर बसले, त्यांनी आपापल्या मतदारसंघात त्या घरांना जाऊन भेटा. माफी मागायला नको असेल तर नका मागू, नुसतं त्यांच्या घरात बसा, पेटी उघडून दाखवतील ती बघा.

सेन्सेईंना मी विचारलं होतं की तुमचं लिहू का. दोन दिवसांनी फोन आला, लिही म्हणाल्या, पण आईला मूर्ख म्हणू नकोस, ती फार हुशार होती.

जपानी प्रत काल निशी-कासाईच्या पोस्टातून रजिस्टर्डने तुमच्या नागाताचोच्या मुख्यालयाला पाठवली आहे, रिसीट पर्समध्ये ठेवली आहे. कृपया ती घ्या.

तुमची,
एदोगावात राहणारी एक मराठी आई